बगळ्याला अभय आणि खंड्याच्या डोक्याला पेनी

माझ्या घरामागील अंगणांत एक जुना दगडी हौद आहे. पूर्वीं त्यांत वापरण्याचें पाणी सांठवीत; घरोघर नळ आल्यापासून तो केवळ शोभेचा उरला. डांस होऊं नयेत म्हणून पालिकेच्या माणसांनीं त्यांत गप्पी मासे सोडले, आणि माझ्या नातवानें खाऊच्या पैशांतून आणलेले पांच तांबडे मासे त्यांत भर म्हणून टाकले. गेला पावसाळा संपतांच या हौदावर एक नवा पाहुणा येऊं लागला. पाठ निळी, पोट तांबूस, अंग चिमणीपेक्षां किंचित् मोठें, परंतु चोंच मात्र अंगाच्या मानानें भली लांब. पेरूच्या फांदीवर तो मुकाट्यानें बसे आणि पाण्यांत कांहीं हललें कीं दगड पडावा तसा सरळ खालीं येई. हा अर्थात् खंड्या. कांहीं ठिकाणीं त्याला धीवर असेंही म्हणतात. आठ दिवसांत तांबडे मासे संपले. नवव्या दिवशीं नातू बेचकी घेऊन माझ्यापुढें उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हा चोर आहे. मारूं का याला?"

बेचकी मीं काढून घेतली. परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. हौद आमचा, मासे विकत आणलेले, आणि पाखरूं कोणाचेंच नव्हे. मग जें गेलें त्याला चोरी म्हणावें कीं म्हणूं नये? उत्तर न सुचण्याला आणखीही एक कारण होतें. तें मी पुढें सांगणार आहें. तूर्त एवढेंच सांगतों कीं हा प्रश्न पुष्कळ जुना आहे, आणि इंग्लंड देशानें तर त्यावर एकामागून एक कायदे करून ठेवले आहेत. त्या देशाला जुने कागद जपण्याची खोड असल्यामुळें तेथील हकीकत सनावळीसह सांगतां येते. शाळेंत इंग्लंडचा इतिहास शिकतांना आपण राजांच्या लढाया पाठ करतों; त्यांच्या तळ्यांकडे आपलें लक्ष जात नाहीं.

मध्ययुगांत तेथील ख्रिस्ती लोकांना शुक्रवारीं आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासांत मांस वर्ज्य असे. मासे मात्र चालत. गरिबाच्या वांट्याला खारवलेला किंवा वाळवलेला समुद्रांतील मासा येई. गोड्या पाण्यांतील ताजा मासा हें श्रीमंतीचें लक्षण होतें. म्हणून राजे, सरदार आणि मठाधिपति आपापल्या जमिनींत तळीं खोदवीत. मोठ्या तळ्यांत मासे वाढवावयाचे आणि स्वयंपाकघराजवळच्या लहान हौदांत ते लागेपर्यंत जिवंत ठेवावयाचे, अशी व्यवस्था असे. कार्प नांवाचा मासा, जो पुढें या तळ्यांचा राजा ठरला, तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें आला. त्यापूर्वीं पाइक, ब्रीम असे देशी मासे पाळीत. हीं तळीं कधीं कधीं शेजाऱ्यांच्या मुळावरही येत. विल्यम राजानें यॉर्क शहरापाशीं फॉस नदी अडवून जें तळें केलें, त्याखालीं दोन नव्या पाणचक्क्या आणि बरीचशी शेतजमीन बुडाल्याची नोंद १०८६ सालच्या डूम्सडे नामक सरकारी नोंदवहींत आहे. ज्यांची शेतें गेलीं त्यांना त्या तळ्यांतले मासे खावयास मिळाले असतील असें मला वाटत नाहीं.

अशा तळ्यांतून मासा उचलणाऱ्या माणसाला काय शिक्षा होती? १२७५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानें दुसऱ्याच्या शिकारीच्या रानांत किंवा माशांच्या तळ्यांत आगळीक करणारास तीन वर्षे तुरुंग सांगितला. एलिझाबेथ राणीच्या काळीं, १५६३ सालीं, तीन महिने कैद आणि नुकसानीच्या तिप्पट भरपाई असा नियम झाला. आणि १७२३ सालीं जो कायदा आला त्यानें कळसच केला. तोंडाला काळें फासून रानांत शिरणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं तो केला होता, म्हणून त्याला काळा कायदा हेंच नांव पडलें. हत्यार घेऊन आणि वेष पालटून तळ्यांतले मासे चोरणें, किंवा द्वेषबुद्धीनें तळ्याचा बांध फोडून मासे घालविणें, या अपराधांना त्यांत देहांताची शिक्षा होती. मासा तो केवढा, आणि फांसाचा दोर तो केवढा! हा कायदा पुरा शंभर वर्षे टिकला. १८२३ मध्यें त्याचा बहुतेक भाग रद्द झाला.

माणसाची ही गत. आतां पाखरांकडे वळूं. तळ्यावर सर्वांत मोठा हात मारणारा पक्षी म्हणजे राखी बगळा. कमरेएवढा उंच, भाल्यासारखी चोंच, तासन् तास एका पायावर उभें राहण्याची चिकाटी. उथळ तळ्यांत कोंडलेला मासा म्हणजे त्याला वाढून ठेवलेलें पानच. मग तळ्याच्या मालकांनीं याचा प्रथम निःपात करावयास हवा होता. झालें तें उलट. १५०४ सालच्या कायद्यानें बहिरी ससाणा किंवा लांब धनुष्य यांखेरीज अन्य उपायानें बगळा धरणारास साडेसहा शिलिंगांहून अधिक, म्हणजे नेमका ६ शिलिंग ८ पेनी, दंड ठेवला. त्या काळीं मजुराची दिवसाची मजुरी साधारण चार पेनी होती. तेव्हां एका बगळ्यापायीं वीस दिवसांची कमाई जाई. पुढें १५३४ सालीं रानपाखरांच्या अंड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यांत बगळ्याच्या एकेका अंड्याला आठ पेनी दंड होता, रानबदकाच्या अंड्याला एकच.

याचें कारण असें कीं बगळा ही बड्या लोकांची करमणूक होती. ससाण्याच्या शिकारींत बगळ्याच्या शिकारीइतकी मानाची शिकार थोडीच. संध्याकाळीं तळ्यावरून घरट्याकडे परतणाऱ्या बगळ्यावर ससाणा सोडीत. बगळा जीव वांचविण्यासाठीं वर वर चढे, ससाणा त्याच्याही वर जाण्यासाठीं घिरट्या घेई, आणि खालीं घोड्यावर बसलेली मंडळी माना उंच करून पाहात राहात. शिवाय बगळा पक्वान्नांतही मोडे. १४६५ च्या सुमारास जॉर्ज नेव्हिल यॉर्कचा आर्चबिशप झाला, तेव्हां दिलेल्या मेजवानीची यादी प्रसिद्ध आहे. तींत चारशें बगळे आहेत. तळ्यांतले मासे खाऊन बगळा माजे आणि मग धनी त्याला खाई, असा हा हिशेब होता. धन्याच्या दृष्टीनें तो चोर नव्हता, चरावयास सोडलेलें जनावर होतें.

आतां खंड्याचें पाहा. १५६६ सालीं इंग्लंडांत धान्यरक्षणासाठीं म्हणून एक कायदा झाला. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यांचा नायनाट करावा हा त्याचा उद्देश. प्रत्येक गांवीं चर्चच्या कारभाऱ्यांनीं जमीनमालकांवर पट्टी बसवून निधि जमवावा, आणि जो कोणी ठरलेल्या प्राण्याचें डोकें आणून देईल त्याला ठरलेली रक्कम द्यावी. डोकें लगेच समक्ष जाळावें किंवा तोडून टाकावें असेंही कलम होतें. एकच डोकें दोनदां दाखवून दोनदां पैसे नेले जाऊं नयेत हाच त्यांतील हेतु दिसतो. कावळे, कोल्हे, घुशी, उंदीर यांच्या मालिकेंत मासेखाऊ घार, म्हणजे इंग्रज जिला ऑस्प्रे म्हणतात ती, चार पेनींना. पाणकावळा दोन पेनींना. पाणमांजर दोन पेनींना. आणि आपला हा खंड्या एका पेनीला, असे दर लावून दिले होते.

येथें माझ्यासारख्या जुन्या मास्तराला प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं. कायदा धान्याचा, खंड्यानें आजवर एकातरी ओंबीला चोंच लावली आहे काय? तो जे मासे धरतो ते दोन-तीन इंच लांबीचे, ज्यांना कोणीही ताटांत वाढणार नाहीं असे. परंतु त्याहून मौजेची गोष्ट त्याच कायद्याच्या पोटांत आहे. पाखरें मारतांना ससाणे, बगळे, हंस इत्यादिकांच्या घरट्यांना उपद्रव होतां कामा नये, अशी ताकीद त्यांतच दिलेली आहे. एकाच कागदावर, एकाच राणीच्या मोहरेखालीं, रोज पावशेर-अर्धाशेर मासे गिळणाऱ्या बगळ्याला अभय आणि बोटभर मासोळीवर जगणाऱ्या खंड्याच्या डोक्याला पेनी!

अपराध माशांवरून ठरला नव्हता हें उघड आहे. बगळ्याला धनी होता, खंड्याला नव्हता, एवढाच तो भेद.

श्रोतेहो, मघाशीं जें कारण पुढें सांगेन म्हटलें, तें आतां सांगतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी एका तालुक्याच्या गांवीं नोकरीला होतों. शाळेच्या आवारांत विज्ञानाच्या तासासाठीं आम्हीं एक हौद बांधला होता आणि वर्गणी काढून त्यांत रंगीत मासे सोडले होते. तेथेंही खंड्या येऊं लागला. हौद माझ्याकडे सोंपविलेला असल्यामुळें मासे कमी झाले कीं मला मान खालीं घालावी लागे. एके दिवशीं वर्गांत मीं सहज म्हणून गेलों, "जो या खंड्याचा बंदोबस्त करील त्याला एक रुपया." दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वींच सातवींतला एक मुलगा दाराशीं उभा होता. गरीब घरचा, नेमबाजींत हुशार. त्यानें वहीच्या कागदांत गुंडाळलेलें पाखरूं माझ्या टेबलावर ठेवलें. पंखांचा निळा रंग अजून तसाच चमकत होता. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मीही बोललों नाहीं. मीं खिशांतून रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला. वास्तविक १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हां लागू होऊन बरींच वर्षे झालीं होतीं आणि खंड्या त्याच्या संरक्षणांत होता. मास्तर असून मला त्याचा पत्ता नव्हता. पुढें निवृत्तीनंतर वाचनांत जेव्हां इंग्लंडचा तो पेनीचा कायदा आला, तेव्हां चर्चच्या कारभाऱ्याच्या जागीं मला माझें टेबल दिसलें. नातवाला ही गोष्ट मीं अद्यापि सांगितलेली नाहीं. आज रेडिओवरून तो ऐकेल.

पुन्हां इंग्लंडकडे येतों. १५६६ च्या कायद्यानें दोन पेनींना विकलेला पाणकावळा पन्नास वर्षांच्या आंत राजवाड्यांत जाऊन बसला. पहिल्या जेम्स राजाला पाणकावळ्यांकडून मासे धरविण्याचा मोठा नाद होता. गळ्याला फांस बांधला म्हणजे पक्ष्याला मोठा मासा गिळतां येत नाहीं, आणि तो घशांतून काढून घेतां येतो. चीन-जपानांत ही रीत फार जुनी. राजानें जॉन वुड नांवाच्या माणसाला या पाखरांचा मुख्य रक्षक नेमलें. १६१० सालीं वुर्टेम्बर्गचा एक राजपुत्र इंग्लंडांत आला असतां थेटफर्ड येथें त्याला हा खेळ दाखविण्यांत आला. पुढें १६१८ मध्यें वेस्टमिन्स्टरच्या द्राक्षबागेंत खास तळीं खोदून त्यांत मासे सोडले; तेथें राजाचे पाणकावळे, मासेखाऊ घारी आणि पाणमांजरें ठेवण्यासाठीं इमारतही उठविली. त्या कामासाठीं वुड घराण्यांतल्याच रॉबर्ट वुड याला २८६ पौंड देण्यांत आल्याचा लेख आहे. आतां गंमत पाहा. घार, पाणकावळा, पाणमांजर! खेड्यांतल्या चर्चमध्यें ज्यांचीं डोकीं अनुक्रमें चार, दोन आणि दोन पेनींना विकत घेतलीं जात होतीं, तींच तिन्हीं राजधानींत सरकारी खर्चानें मासे खात होतीं.

सतराव्या शतकाच्या मध्यानंतर ससाण्याच्या शिकारीचा काळ ओसरला. हातीं बंदूक आल्यावर पाखरूं पाडण्यासाठीं वर्षभर ससाणा पढविण्याची तसदी कोण घेणार? त्याबरोबर बगळ्याची कवचकुंडलेंही गेलीं. तोच बगळा, तींच तळीं, तेच मासे. परंतु त्याची आतां धन्याला गरज उरली नाहीं आणि तो चोर झाला. एकोणिसाव्या शतकांत ट्राउट मासे पाळण्याची व गळानें धरण्याची हौस वाढली, तेव्हां तर रखवालदारांच्या बंदुका त्याच्याकडे वळल्या. खंड्याचेंही सुख वाढलें अशांतला भाग नाहीं. त्याचीं पिसें टोपींत खोंवण्यासाठीं, गळाला लावावयाच्या कृत्रिम माश्या करण्यासाठीं आणि पेंढा भरून कांचेच्या पेटींत ठेवण्यासाठीं त्याचा संहार चालला. अखेर १८७२ सालीं पार्लमेंटनें रानपक्ष्यांसाठीं कायदा केला, आणि विणीच्या दिवसांत ज्यांना मारणें गुन्हा ठरला अशा पक्ष्यांच्या यादींत खंड्याचें नांव घातलें. ज्याच्या डोक्यासाठीं पैसे मिळत, त्याच्या डोक्यासाठीं शासन होऊं लागलें. मध्यें तीनशें सहा वर्षे गेलीं.

बगळ्यांच्या पिसांची एक हकीकत आपल्याकडचीही आहे. विणीच्या काळीं पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर तलम तुरा येतो. युरोपांतील स्त्रियांच्या टोप्यांसाठीं त्याला अतोनात भाव येई, आणि त्यापायीं हिंदुस्थानांतील बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती ओस पडल्या. १९०२ सालीं हिंदुस्थान सरकारनें रानपक्ष्यांचीं पिसें परदेशीं पाठविण्यास बंदी केली. परंतु त्या वेळीं मुंबई इलाख्यांत असलेल्या सिंध प्रांतांत एक निराळाच धंदा चालू होता. तेथील मच्छिमार लोक बगळे घरीं पाळीत. बोरूच्या चटयांच्या आडोशांत त्यांना ठेवावें, लहान मासे घालून पोसावें, तेथेंच त्यांचीं पिलें वाढवावीं आणि वर्षांतून कांहीं वेळां तुरे उपटून घ्यावेत, अशी रीत होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९१४ च्या सुमारास याचें वर्णन प्रसिद्ध झालें. जाळ्यांत सांपडलेले मासे पळवतो म्हणून जगभरचा कोळी ज्याला दगड मारतो, त्याच्याच तोंडांत सिंधचा कोळी स्वतःच्या हातानें मासे घालीत होता. तुरे उपटतांना पाखराला किती यातना होत याची चर्चा त्या वेळींही झाली. पुढें टोप्यांची चाल पालटली आणि धंदाही बसला.

मासेखाऊ घारीचें काय झालें तें सांगितल्यावांचून हें कथन पुरें होणार नाहीं. बंदुकवाल्यांनीं आणि अंडीं गोळा करणाऱ्या शौकिनांनीं तिचा इतका पाठलाग केला कीं १९१६ सालीं स्कॉटलंडांतील तिचें अखेरचें घरटें नोंदलें गेलें, आणि त्यानंतर कित्येक वर्षे ब्रिटनमध्यें ती निपजल्याचें दिसलें नाहीं. १९५४ मध्यें स्कॉटलंडांतच गार्टन सरोवराच्या परिसरांत ती पुन्हां घरटें करून राहिली. त्याच साली झालेल्या पक्षिसंरक्षणाच्या कायद्यानें बगळ्यालाही आधार मिळाला. मुळांत बगळ्याचीं घरटीं मोजण्याचें काम तेथें १९२८ पासून चालू आहे. एका जातीच्या पक्ष्यांची इतकी दीर्घ मोजदाद जगांत क्वचितच झाली असेल. १९६२-६३ च्या कडक हिंवाळ्यांत पाणी गोठून बगळे निम्म्याच्या जवळपास घटले, हें त्या मोजदादीमुळेंच कळलें.

आज इंग्लंडांत घरोघर बागेंत लहान तळीं असतात आणि त्यांत किंमती जपानी मासे. बगळा पहांटे येऊन ते नेतो, मालक जाळी पसरतो, दोरे बांधतो, प्लास्टिकचा खोटा बगळा उभा करतो. खरा बगळा अनेकदां त्याच्याच शेजारीं येऊन उभा राहतो. पण बंदूक काढतां येत नाहीं. आणि स्कॉटलंडांत रॉथिमर्कस येथें, तसेंच इंग्लंडांत रटलंडजवळ, ट्राउट माशांच्या खासगी तळ्यांच्या कांठीं झोंपड्या बांधल्या आहेत. पहांटेच्या अंधारांत लोक पैसे भरून तेथें कॅमेरे घेऊन बसतात, तें मासेखाऊ घारीनें मालकाचा मासा उचलतांना पाहण्यासाठीं. जिच्या डोक्याला चार पेनी मिळत, तिच्या चोरीचें दर्शन आतां तिकीट लावून विकलें जातें. तळ्याच्या मालकाला माशापेक्षां तें तिकीट अधिक परवडत असावें. म्हणजे घारीलाही एक धनी मिळाला म्हणावयाचा! मग उद्यां तिकिटें खपेनाशीं झालीं तर काय, असा कुत्सित विचार माझ्या मनांत येतो. परंतु तो बाजूला ठेवतों.

आमच्या हौदावर मीं अर्ध्या भागांत जाळी बसविली आणि उरलेल्या अर्ध्यांत कमळाचे दोन वेल सोडले, म्हणजे माशांना पानांखालीं दडतां यावें. नातवानें नवीन तांबडे मासे आणले, ते घरांत कांचेच्या भांड्यांत ठेवले आहेत. बेचकी माझ्या कपाटांत आहे. त्याऐवजीं मीं त्याला एक वही दिली. खंड्यानें किती बुड्या मारल्या आणि किती वेळां चोंचींत मासा आला हें तो तींत लिहितो. गेल्या रविवारीं अकरा बुड्यांत चार मासे, अशी नोंद आहे. गप्पी मासे जितके जातात तितके पुन्हां होतात, आणि खंड्या अजून रोज सकाळीं साडेसातच्या सुमारास पेरूच्या त्याच फांदीवर येऊन बसतो.